दादाचा जळफळाट आणि लांबट चेंडू

माझा थोरला भाऊ काशिनाथ जळकुकडा आहे. हे मी त्याला तोंडावर सांगते, तेव्हा इथे लिहायला काही हरकत नाही. एरवी माणूस लाख मोलाचा. शेजारी कोणी आजारी पडलं तर हा दवाखान्यात बसून राहील, गल्लीत कोणाचा नळ गळला तर पाना घेऊन धावेल. पण दुसऱ्याला काही चांगलं मिळालं की याच्या पोटात दुखायला लागतं. आमचे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, आम्ही दोघं जन्मलो इथेच. लहानपणी मला नवा फ्रॉक शिवला की दादा जेवताना माझ्याकडे पाठ करून बसायचा. त्याला फ्रॉक घालायचा होता असं नव्हे. मला मिळाला आणि त्याला नाही, एवढंच दुखणं.

अवधपुरीजवळच्या मोठ्या कारखान्यात तो टेक्निशियन होता. ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली गुंडाळण्यात त्याची सगळी नोकरी सरली, पण तो जगला फुटबॉलसाठी. कारखान्याच्या टीममध्ये लेफ्ट बॅक. त्याचा दोस्त बाळकृष्ण गोलकीपर. एका वर्षी त्यांची टीम कारखान्याचा कप जिंकली आणि सामन्याचा चेंडू दादाला मिळाला. चामड्याचा, हातशिलाईचा. तो चेंडू दादानं आजवर जपला. शिवण उसवली की मेण लावलेल्या दोऱ्यानं स्वतः शिवायचा, आतला ब्लॅडर कुजला की न्यू मार्केटमधून नवा आणायचा. शारदावहिनी असताना म्हणायची, "या घरात माझी सवत आहे, आणि ती कपाटात राहते." वहिनी गेली त्यानंतर काही दिवस दादानं कपाट उघडलं नव्हतं, हेही सांगायला हवं.

वहिनी गेल्यावर घरात दादा, त्याचा मुलगा समीर आणि सून अमृता. मी दोन गल्ल्या सोडून राहते, म्हणजे दिवसातला निम्मा वेळ तिथेच. मग रेवा झाली. नर्मदेचं नाव ठेवलं म्हणून दादा खूश होता, पण ती खुशी बारसं संपेपर्यंतसुद्धा टिकली नाही. पाळण्यात वाकून अमृताचे वडील विलासराव म्हणाले, "नाक अगदी आमच्याकडचं आहे." झालं. त्या दिवसापासून दादा रोज सकाळी रेवाला उजेडात धरून तिचं नाक तपासायला लागला.

विलासराव मूळचे पुण्याचे. बँकेच्या बदलीवर भोपाळला आले, नेहरू नगरात घर बांधलं, इथेच निवृत्त झाले. बोलणं शुद्ध, कपडे इस्त्रीचे, आवाज कधी चढत नाही. दादाला त्यांची प्रत्येक गोष्ट खुपायची. त्यातून आमच्या रेवाबाईसाहेब विलासरावांना बघून खुदकन हसायच्या, कारण ते जिभेनं टॉक टॉक असा आवाज काढायचे. दादानं न्हाणीघरात दार लावून तो आवाज काढायचा सराव केलेला मी बाहेरून ऐकला आहे. त्याला शेवटपर्यंत जमला नाही.

विलासरावांचा मुलगा चिन्मय मेलबर्नला असतो. विलासराव तीन महिने त्याच्याकडे राहून आले आणि त्यानंतर त्यांच्या प्रत्येक वाक्यात मेलबर्न यायला लागलं. तेही एक वेळ दादानं सोसलं असतं. पण त्याच सुमारास समीरला तिथे नोकरी लागली. चिन्मयनंच खटपट केली होती. रेवाचं उष्टावण झालं की तिघंही कायमचे जाणार असं ठरलं. दादा समीरला "छान झालं" म्हणाला आणि बाहेर जाऊन व्यवस्थित चालणाऱ्या सायकलची चेन काढून पुन्हा बसवत बसला.

उष्टावणाच्या आधीच्या रविवारी विलासराव चहाला आले ते एक पिशवी घेऊनच. पिशवीतून त्यांनी एक लाल चेंडू काढला. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता.

"चिन्मयनं भाचीसाठी पाठवलाय," ते म्हणाले. "तिथला फुटबॉल."

दादानं कप खाली ठेवला. "हा फुटबॉल नाही, विलासराव. हा रग्बीचा आहे."

"अहो, नाही काशिनाथराव. रग्बी वेगळा. हा तिथला खास खेळ. पण तिथे याला फुटबॉलच म्हणतात. आपल्या फुटबॉलला ते सॉकर म्हणतात."

फुटबॉल कशाशी खातात हे मला माहीत नव्हतं, पण दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. समीर समजवायला पुढे सरसावला. हा मुलगा नेहमी चुकीच्या वेळी समजवतो.

"बाबा, देशादेशात वेगळं असतं ना. आमच्या ऑफिसचे सगळे एकदा सिंगापूरला जमले होते. ठरलं, शेवटच्या दिवशी फुटबॉल खेळायचा. अमेरिकेचा एक जण तपकिरी टोकदार चेंडू घेऊन आला. न्यूझीलंडवाल्यानं रग्बीचा आणला. आयर्लंडची एक मुलगी होती, तिनं आपल्यासारखा गोल चेंडू आणला, मी म्हटलं चला, ही तरी आपल्यातली. तर तिनं तो उचलला, हातात घेऊन चार पावलं पळाली, पायावर उडवला आणि पुन्हा हातात. त्यांच्याकडे तसाच खेळतात. आणि प्रत्येक जण बाकीच्यांना म्हणत होता, हे काय आणलंत?"

"मग शेवटी काय खेळलात?" मी विचारलं.

"काही नाही. कॅरम."

मी हसले. मला त्यात नवल वाटलं नाही. गोडा मसाला प्रत्येक घरात वेगळा आणि प्रत्येकीला आपल्या आईचाच खरा वाटतो, तसंच हे. पण दादाला मसाल्याशी देणंघेणं नव्हतं.

"पायानं खेळतात तो फुटबॉल," तो म्हणाला. "हातात घेऊन पळतात ती चोरी."

त्या दिवशी बाळकृष्णही होता. तो म्हणाला, "म्हणजे काशी, मी गोलात उभा राहून इतकी वर्षं चोरीच करत होतो काय?"

सगळे हसले, विलासराव सगळ्यात जास्त. मग ते त्या खेळाचं वर्णन करायला लागले. मैदान क्रिकेटसारखं, पण लंबगोल. दोन्ही टोकांना चार चार खांब. चेंडू हातात घेतला तरी चालतो, मात्र पळताना मधूनमधून जमिनीवर टेकवावा लागतो. मधल्या दोन खांबांतून लाथेनं मारला तर सहा गुण. "आणि नेम चुकून बाजूच्या खांबांमधून गेला, तरी एक मिळतो. पंच असं एक बोट वर करतो."

"चुकलं तरी एक?" दादा म्हणाला. "म्हणजे चुकल्याचं बक्षीस! काहून नाही देणार. आमच्याकडे चुकलं की चुकलं."

विलासराव शांतपणे म्हणाले, "रेवा तिथे वाढणार. तिला तो खेळ आवडायला लागेल बघा."

ते सहज बोलले, मी समोर होते, खोट नव्हती त्यांच्या बोलण्यात. पण दादाच्या अगदी वर्मी बसलं ते. नाकाचा, हसण्याचा जळफळाट त्यानं गिळला होता. नात सात समुद्रापार जाणार हेही गिळलं होतं. पण ती मोठी होऊन "फुटबॉल" म्हणेल आणि तिच्या डोळ्यांसमोर हा लाल लांबट चेंडू येईल, आणि तो दाखवणारे आजोबा विलासराव असतील, ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नाही, हे त्याच्या घशाखाली उतरेना. पाहुणे गेल्यावर तो मला म्हणाला, "प्रतिभे, माझ्यापाशी तिला द्यायला दुसरं आहे काय?" खरंच काही नव्हतं. ना शेती, ना बंगला, ना गोड गळा.

आमच्याकडे उष्टावणाला बाळासमोर ताटात चार वस्तू मांडतात. पुस्तक, पेन, सोनं, धान्य. बाळ ज्याला हात लावेल त्या वाटेनं पुढे जाईल असं समजायचं. सगळे हसत हसत करतात आणि मनातून सगळे खरं मानतात. दादानं आदल्या दिवशी दुपारी कपाट उघडलं. चेंडू काढला. सायकलच्या पंपानं इतकी हवा भरली की बोटानं टिचकी मारली तर टण आवाज यावा. मग वाटीत खोबरेल तेल घेऊन फडक्यानं पुसत बसला. चामडं काळंभोर चमकायला लागलं, पण तो थांबेना.

"अरे, त्यात तोंड बघायचंय का?" मी म्हटलं.

"बघून राहिली ना तू," तो म्हणाला. "ती दुसरीकडे बघणारच नाही."

उष्टावणाच्या दिवशी पाटाभोवती रांगोळी काढली, रेवाला खणाचं झबलं घातलं, चांदीच्या वाटीत खीर. आता पहिला घास भरवायचा मान मामाचा. मामा मेलबर्नला. चिन्मय फोनवर दिसत होता, पण फोनमधून घास कसा भरवणार? अमृता म्हणाली, "मामाच्या वतीनं बाबा भरवतील," आणि विलासराव बाह्या सरसावून पाटासमोर बसले. सोन्याची अंगठी खिरीत बुडवून त्यांनी रेवाच्या ओठांना लावली. रेवानं आधी तोंड वेडंवाकडं केलं, मग जिभेनं चव घेतली आणि विलासरावांचं बोटच धरून चोखायला लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादानंही वाजवल्या. मी शेजारीच होते, त्याच्या टाळीचा आवाज येत नव्हता.

मग ताट आलं. पुस्तक, पेन, अंगठी, गव्हाची वाटी. दादा आतून आला आणि धोतराच्या सोग्यात झाकलेला चेंडू त्यानं ताटाशेजारी पाटाला टेकवून ठेवला.

"हाही असू द्या," तो म्हणाला. आवाज अगदी सहज. आठवडाभर त्यानं तो सहजपणा घोकला असणार.

विलासराव हसले. "मग आमचाही असू द्या की." आणि लाल चेंडू त्यांनी रेवाच्या दुसऱ्या बाजूला ठेवला. फोनमधून चिन्मय ओरडला, "येस! रेवा, इकडे!"

दादानं त्या फोनकडे असं पाहिलं की तो विझायलाच हवा होता.

रेवा बसली होती. अमृतानं पाठीला हात लावला होता. पोरीनं पुस्तकाकडे पाहिलं नाही, अंगठीकडे पाहिलं नाही. तिची नजर गेली ती चमकणाऱ्या काळ्या चेंडूवर. दोन्ही हात पसरून ती सरळ त्याच्यावर झेपावली. मी देवाशपथ सांगते, तिनं आधी हात घातला तो दादाच्याच चेंडूला. 

आणि चेंडू सटकला. एवढं तेल, एवढी हवा, आणि त्यावर इवलीशी दोन बोटं. तो तिच्या हातांतून निसटला, पाटाला आपटला, रांगोळी पुसत गेला आणि दिवाणाखाली शिरला. रेवा बघतच राहिली. तिचा खालचा ओठ पुढे आला. आता भोकाड पसरणार तोच तिच्या गुडघ्याला लाल चेंडू लागला. तो कुठे जाणारा नव्हता. कलंडून तिथल्या तिथे डुलत होता. तिनं त्याचं निमुळतं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि तोंडात घातलं.

एकच गलका झाला. चिन्मय फोनमध्ये नाचत होता. विलासरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. कोणीतरी म्हणालं, "आता काय, मेलबर्नची चॅम्पियन!" आणि माझा दादा, अडुसष्ट वर्षांचा, नवं धोतर नेसून, गुडघ्यांवर ओणवा होऊन दिवाणाखाली हात घालत होता.

पंगत बसली तेव्हा तो दिसेना. मागच्या व्हरांड्यात पायरीवर बसला होता, चेंडू मांडीवर.

"तिनं आधी माझ्याच चेंडूला हात घातला होता," तो म्हणाला. "पाहिलंस ना तू?"

"पाहिलं."

"मग आत जाऊन सांग ना सगळ्यांना."

"दादा, ती सात महिन्यांची आहे. समोर असती तर तिनं माझ्या चपलेलाही हात घातला असता."

"चपलेला नाही घातला. माझ्या चेंडूला घातला." मग चेंडूवरून बोट फिरवून म्हणाला, "तेल मीच लावलं. गाढव आहे मी."

मला खूप चीड आली त्याची आणि तेवढीच माया आली. श्रीखंडाचं ताट त्याच्या पुढ्यात ठेवून मी आत गेले. त्यानं दोन घास खाल्ले असतील नसतील.

दुपारी पाहुणे पांगले. विलासराव खुर्चीत पेंगत होते. अमृतानं रेवाला बाहेरच्या खोलीत सतरंजीवर सोडलं होतं, जवळच लाल चेंडू. दादा आला. आधी त्यानं चेंडू साबणाच्या फडक्यानं पुसला. मग खिशातून हवा भरायची सुई काढली, थुंकीनं ओली केली आणि चेंडूत खुपसली. फुस्स करून हवा निघायला लागली.

तुम्हाला यात विशेष काही वाटणार नाही. पण मी या माणसाला मऊ चेंडू बघून मैदानातून निघून जाताना पाहिलं आहे. हवा कमी असलेला चेंडू त्याला उष्ट्या ताटासारखा वाटायचा. तो माणूस स्वतःच्या कपाच्या चेंडूतली हवा काढत होता, थोडी काढायचा, दाबून बघायचा, पुन्हा थोडी काढायचा. शेवटी चेंडू लोडासारखा मऊ झाला. त्यानं तो रेवाच्या समोर ठेवला. वरून चपटा झालेला, कुठेही न पळणारा. रेवानं त्यात पंजे रुतवले, शिवणीत बोटं अडकवली, आणि मग त्यावर गाल टेकून पालथी पडली. दादा तिच्या शेजारी सतरंजीवर आडवा झाला.

विलासरावांची झोप मोडली. त्यांनी ते दृश्य थोडा वेळ पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाले, "काशिनाथराव, आमच्याही चेंडूतली थोडी हवा काढून द्याल का?"

"तुमचा खेळ वेगळा, विलासराव," दादा डोळे मिटूनच म्हणाला. "त्याचे कायदे मला माहीत नाहीत."

त्या दिवसापासून विलासरावही जळायला लागले, हे मला स्पष्ट दिसलं. मला जरा बरंच वाटलं.

सामान बांधायची वेळ आली तेव्हा वजनाची बोंब झाली. प्रत्येक बॅगेतून काहीतरी बाहेर निघत होतं. अमृतानं लाल चेंडू बाजूला काढला. "हा नको. तिकडे हव्या त्या दुकानात मिळतो." मग दादाचा चेंडू उचलला, उरलीसुरली हवा काढली, त्याची पुरणपोळीसारखी घडी केली आणि रेवाच्या झबल्यांच्या मध्ये ठेवली. "हा तिथे मिळणार नाही ना, बाबा," ती दादाला म्हणाली. ही सून मला आधीपासूनच आवडायची.

विमानाच्या गावापर्यंतची गाडी हबीबगंज स्टेशनवरून होती. पाटीवर आता राणी कमलापती लिहिलंय, पण दादा रिक्षावाल्याला हबीबगंजच सांगतो. फलाटावर विलासराव रुमालानं डोळे पुसत होते आणि दादा ताठ उभा, चेहऱ्यावर हसू. लोकांना वाटलं असेल, किती खंबीर म्हातारा. खंबीर कसला. त्याचा चेंडू चालला होता आणि विलासरावांचा घरी राहिला होता, याचा आनंद होता तो. गाडी हलली, डबे गेले, फलाट रिकामा झाला. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की चेंडूबरोबर रेवाही गेली. तो बाकावर बसला. विलासरावांनी त्याला पाणी दिलं आणि त्यानं मुकाट्यानं घेतलं.

घरी आलो तर दिवाणावर लाल चेंडू. दादानं तो उचलून कपाटात टाकला, जुन्या चेंडूच्या जागी नव्हे, खालच्या कप्प्यात, चपलांशेजारी.

पुढचे काही महिने बरे गेले. समीरनं तिथे जाऊन चेंडूत हवा भरली, अर्धीच, दादानं फोनवर सांगितल्याप्रमाणे. रेवा चेंडूला टेकून बसलेली दिसायची आणि दादा ते फोटो सगळ्या अवधपुरीला दाखवत फिरायचा. मग विलासरावांचा व्हिसा आला. दोन्ही मुलं तिथे, ते सहा महिन्यांसाठी निघाले. दादाकडे तर अजून पासपोर्टसुद्धा नव्हता. त्यानं त्यांना हसून निरोप दिला आणि घरी येऊन मला म्हणाला, "आता बघ, हा माणूस काय काय शिकवतो तिला."

आणि तसंच झालं. एका रविवारी फोन लागला. रेवा आता रांगत होती. समोर सतरंजीवर दोन चेंडू, एक दादाचा आणि एक नवा लांबट. विलासराव रेवाच्या मागे मांडी घालून बसलेले. ते कौतुकानं म्हणाले, "काशिनाथराव, आता गंमत बघा हं. रेवा, फुटबॉल कुठाय? फुटबॉल?"

रेवा निघाली. दादाच्या चेंडूपाशी आली. त्याच्यावर एक हात टेकला, त्याला वळसा घातला आणि पुढे जाऊन लांबट चेंडू पकडला. मग मागे वळून हसली. नाक तेव्हा खरंच विलासरावांसारखं दिसत होतं.

दादा "अरे वा" म्हणाला. फोन संपल्यावर त्यानं तो टेबलावर पालथा ठेवला आणि चहा न घेता झोपायला गेला. मला त्या रात्री विलासरावांचा राग आला, समीरचा आला, त्या सगळ्या देशांचा राग आला. एक शब्द धड सगळ्यांनी मिळून एका चेंडूला द्यायला काय होत होतं त्यांना?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाजी घेऊन परत येत होते. कारखान्याच्या भिंतीलगतच्या मैदानात दादा एकटाच दिसला. हातात लाल चेंडू. तो पुढे धरायचा, सोडायचा आणि खाली पडायच्या आत लाथ मारायचा. चेंडू कधी डावीकडे, कधी सरळ डोक्यावर. जमिनीवर पडला की भलतीकडेच उसळायचा आणि दादा त्याच्या मागे धोतर सावरत धावायचा. दोनदा तर चेंडू त्याच्याच नडगीवर आदळला. मी पिशवी ठेवून कठड्यावर बसले.

"काय करून राहिला रे?"

तो धापा टाकत आला. चेहरा घामानं आणि संतापानं लाल. "प्रतिभे, उद्या ती येईल. माझ्यासमोर उभी राहील आणि म्हणेल, आबा, चला फुटबॉल खेळू. आणि हा चेंडू पुढे करेल. मग मी काय सांगू तिला? मला येत नाही? जा, विलास आजोबांना बोलाव?" त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवतही नव्हता. "त्या माणसाला? ज्यानं सामना बघताना गॅलरीत बसून नुसत्या शेंगा खाल्ल्या?"

तेवढ्यात बाळकृष्ण फेरफटका मारत आला. कंबरेवर हात ठेवून त्यानं चेंडूकडे पाहिलं.

"अरे खाँ, ये क्या उठा लाया? पपई आहे का काशी?"

"फुटबॉल आहे," दादा म्हणाला.

बाळकृष्णनं माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. "तूच म्हणाला होतास ना, हा फुटबॉल नाही म्हणून?"

"आमच्या रेवाकडे याला फुटबॉल म्हणतात," दादा म्हणाला. "तू तिथे जाऊन उभा राहा आणि चेंडू परत फेक. हातानं फेकलास तरी चालतं."

खांब चार हवे होते. दोन विटा सापडल्या. बाकीच्या दोनांसाठी त्यानं माझ्या चपला मागितल्या, मी दिल्या. वीट, चप्पल, चप्पल, वीट असं मांडून तो मागे गेला. चेंडू दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभा राहिला, मग तीन पावलं धावला आणि लाथ मारली. चेंडू गिरक्या घेत गेला, माझ्या चपलेच्या बाहेरून आणि विटेच्या आतून.

"गेला!" बाळकृष्ण ओरडला. "चुकला रे!"

दादानं पंचासारखा ताठ उभा राहून एक बोट वर केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "एक मिळाला. पण विलासरावाला कळवू नको. आधी सहाचा बसू दे."